इंजिन शेवटी घ्या, आधी ट्रान्सम ठोकून बघा: जुनी फायबर मोटरबोट पुन्हा पाण्यात उतरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका शेडमध्ये १४ फुटी फायबरग्लासची मोटरबोट बारा वर्षांपासून उभी आहे. बांधणी १९७०च्या दशकातली. मागे ५५ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या बाहेर टांगायचं इंजिन) लटकलेलं आहे आणि ते जाम झालंय. चार जणांना बसवून रामटेकजवळच्या खिंडसी तलावात फिरवायचा विचार आहे. इंजिनासाठी तीन पर्याय समोर आहेत: जुनं ५५ खोलून बांधायचं, नवं ४० एचपीचं फोर-स्ट्रोक घ्यायचं, की ओळखीच्या मेकॅनिकच्या म्हणण्याप्रमाणे मारुती ८००चं इंजिन आत बसवायचं. यातलं काय करावं?

इंजिनाचे पैसे इतक्यात कोणालाही देऊ नका. अशा बोटीला किती ताकदीचं आणि किती वजनाचं इंजिन चालेल, हे ट्रान्सम आणि बोटीचं खरं वजन मिळून ठरवतात. ट्रान्सम म्हणजे मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. बाहेरून ती फायबरची दिसते, पण आत प्लायवूड असतं, आणि चाळीस-पन्नास वर्षांत ते प्लाय सडलेलं नसेल तर नशीबच. ज्या भोकांतून बोल्ट आणि ड्रेन प्लग जातात तिथून पाणी आत शिरतं आणि दोन्ही बाजूंच्या फायबरमध्ये अडकून बसतं. वरून रंग चकाचक असतो, आत लाकडाचा भुगा झालेला असतो.

तपासणी सोपी आहे. स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि त्याच्या मुठीने पूर्ण ट्रान्सम दोन-दोन बोटांच्या अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, कोरडा ‘टक्’ येतो. सडलेल्या जागी आवाज बसतो, ओल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. ड्रेन प्लगच्या भोवती, इंजिनाच्या बोल्टांखाली आणि वरच्या कडेच्या ॲल्युमिनियम पट्टीखाली जास्त लक्ष द्या. मग इंजिन वर टिल्ट करा, त्याच्या पायावर अंगाचं वजन टाका आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समला लोखंडी पट्टी लावून बघायला सांगा. डोळ्याला दिसण्याइतकं वाकलं तर आतलं लाकूड गेलेलं आहे. शेवटची खात्री ड्रिलने करायची: ६ मिमीच्या बिटला टेप गुंडाळून खोली ठरवा आणि आतल्या बाजूने तीन-चार भोकं पाडा, बाहेरचं फायबर फोडायचं नाही. भुसा पिवळसर आणि कोरडा आला तर ठीक. कॉफीच्या पावडरीसारखा काळपट, कुबट वासाचा आला, किंवा बिट ओलं निघालं, तर ट्रान्सम नवा करावा लागेल. भोकात पातळ इपॉक्सी ओतून ‘लाकूड कडक करण्याचा’ सल्ला मिळेल. तो मानू नका. ओल्या लाकडात इपॉक्सी शिरत नाही, आणि इंजिनाचा धक्का सडक्या लाकडावरच येत राहतो.

आता वजन. इंजिन उतरवा, बोट ट्रेलरसकट धर्मकाट्यावर न्या, मग एकटा ट्रेलर तोला. कळमन्याच्या बाजूला धर्मकाटे भरपूर आहेत. काट्यात ५-१० किलोचा फरक येतो, पण आपल्याला मोठी चूक शोधायची आहे. १४ फुटी रिकामं हल, म्हणजे बोटीचा मूळ सांगाडा, साधारण २०० ते २६० किलोचं असतं. काटा ३५० दाखवत असेल तर वरचे शंभर किलो म्हणजे फ्लोअरखालच्या फोममध्ये मुरलेलं पाणी. जुना पॉलियुरेथेन फोम वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिला की स्पंजासारखा भरतो, आणि आपल्याकडचा उन्हाळाही तो फ्लोअर न उघडता वाळवू शकत नाही. शंभर किलो पाणी म्हणजे दीड माणूस कायमचा बोटीत बसवून फिरणं. मोठं इंजिन घेऊन हा भार ओढण्यात काही अर्थ नाही, फोम काढणंच स्वस्त पडतं.

तिसरी तपासणी बहुतेक जण विसरतात. तळाच्या मागच्या दीड मीटर भागाला, कीलच्या (तळाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याच्या) दोन्ही बाजूंना, ॲल्युमिनियमची सरळ पट्टी लावा. तळ तिथे अगदी सरळ हवा. बोट वर्षानुवर्षं दोनच रोलरवर उभी राहिली की तळ आत दबतो आणि ट्रान्समजवळ खाली वळल्यासारखा होतो. याला हूक म्हणतात. हूक असलेली बोट वेगात नाक खाली घालते आणि कितीही इंजिन लावा, धावत नाही. ४-५ मिमीचा हूकही जाणवतो. उपाय हल नीट आधारावर घेतल्यावरच होतो, त्यामुळे काहीही कापण्याआधी तळाच्या आकाराचे लाकडी पाळणे करून घ्या, निदान तीन ठिकाणी: ट्रान्समखाली, मध्ये आणि नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) थोडं मागे. ट्रान्सम किंवा फ्लोअर काढल्यावर हल मोकळं होतं, आणि तेव्हा ते ज्या आकारात उभं असेल त्याच आकारात कायमचं बांधलं जातं.

हंगामाचं गणित नागपुरात फार कामाचं आहे. कोकणात ज्याला महिने लागतात ते वाळवण इथे एप्रिल-मे फुकटात करून देतात, कारण दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. म्हणून फोडाफोडी मार्चमध्ये करा, सडकं लाकूड आणि फोम बाहेर काढा, आणि नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) संपेपर्यंत उघडं हल सावलीत वाळू द्या. सावली म्हणतोय ते मुद्दाम. गडद रंगाचं हल इथल्या भर उन्हात ७० अंशांच्या आसपास तापतं, आणि साधं पॉलिस्टर रेझिन त्या तापमानाला मऊ पडायला लागतं. आधार नसेल तिथे आकार सुटतो. वाळलं की नाही हे बघायला फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर अजून वेळ आहे.

लॅमिनेशन, म्हणजे रेझिनने फायबरचे थर चढवणं, मात्र भर उन्हाळ्यात नको. ४२ अंशांत मिसळलेलं रेझिन मॅटमध्ये (काचतंतूंच्या चटईत) मुरायच्या आत डब्यातच जेली होतं. पावसाळ्यातही नको, कारण मॅट ओल धरते आणि थर पांढुरके, कच्चे राहतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी दहा ते दुपारी तीन, हा आपला वेळ. आणि शेडमध्ये कूलर लावून काम करू नका. रेझिनचा वास सहन होत नाही म्हणून माणूस कूलर सुरू करतो आणि ओली हवा सरळ ताज्या थरावर मारतो. वास बाहेर काढायला कूलरचं पाणी बंद ठेवून फक्त पंखा उलट्या दिशेने, बाहेर हवा फेकेल असा लावा.

सामान घेताना एमआयडीसीत फायबरच्या टाक्या आणि पत्रे बनवणाऱ्यांकडे जाल. तिथे साधं जनरल पर्पज रेझिन मिळेल, बऱ्याचदा त्यात पावडर भरलेली असते. पाण्याखाली राहणाऱ्या कामासाठी आयसोप्थॅलिक रेझिन मागा आणि पावडर नको असं स्पष्ट सांगा. कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारा द्रव) आधीच घातलेला आहे का, हेही विचारा. नसेल तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच हार्डनर घालायचा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. दोन्हींच्या बाटल्या शेडच्या दोन वेगळ्या टोकांना ठेवा. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गॉगल हवाच, आणि उडालाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवून थेट दवाखाना. हार्डनरचं प्रमाण २५ अंशांच्या आसपास दीड टक्का, ३० अंशांना एक टक्का. त्याहून कमी करून वेळ वाढवण्याचा मोह होतो, पण मग रेझिन कधीच पूर्ण पिकत नाही. वेळ वाढवायचा तर अर्ध्या-अर्ध्या किलोचीच मात्रा बनवा आणि बादलीऐवजी पसरट ट्रेमध्ये ओता, म्हणजे उष्णता साचत नाही.

ट्रान्सम बांधायच्या आधी एक गोष्ट कागदावर ठरवून टाका: उंची. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून मध्यभागी कीलच्या तळापर्यंत मापा. त्या काळच्या बऱ्याच १४ फुटी बोटींमध्ये हे माप १५ इंच, म्हणजे शॉर्ट शाफ्टचं (आखूड पायाच्या इंजिनाचं) असतं. आज ३०-४० एचपीची इंजिनं बहुतेक २० इंची लाँग शाफ्टमध्ये मिळतात. १५ इंची ट्रान्समवर लाँग शाफ्ट लावलं तर पाय पाच इंच जास्त बुडतो, पाणी उडतं आणि वेग जातो. २० इंचीवर शॉर्ट शाफ्ट लावलं तर प्रोपेलर हवा ओढतो. ट्रान्सम नवा करतोच आहोत तर तो २० इंचाचा करा. पाच इंच उंची वाढल्याने मागून लाट आत येण्याचा धोकाही कमी होतो. कल मात्र जुनाच ठेवा, साधारण १२ ते १४ अंश मागे झुकलेला.

आता प्रत्यक्ष काम. बाहेरची फायबरची कातडी राखायची आणि आतून उघडायचं. आतल्या फायबरला कडेपासून ७५ मिमी सोडून ग्राइंडरने चौकट कापा. ती उरलेली पट्टी पुढे जोडाला उपयोगी पडते. सडकं लाकूड पटाशीने निघेल, चिकटून राहिलेलं ३६ नंबरच्या डिस्कने घासा, बाहेरच्या कातडीचा स्वच्छ, खरखरीत फायबर दिसेपर्यंत. पूर्ण बाह्यांचे कपडे, चांगला मास्क आणि हातमोजे वापरा. फायबरची खाज आली तर गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने ती आत जिरते.

पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा, मगच प्लायला हात लावा. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं मरीन ग्रेड, १८ मिमीचे दोन तुकडे. आयएस ३०३ चं प्लाय स्वस्त मिळतं आणि दुकानदार ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणतो. ते किचनच्या ओट्याखाली ठीक आहे. इथे बल्लारशाचा सागवान सहज मिळतो म्हणून तो आत घालायचा विचारही मनात येतो. सागात तेल असतं, त्यावर रेझिन धरत नाही. साग बाहेरच्या रब रेलला (काठाच्या ठोकर-पट्टीला), सीटच्या पट्ट्यांना वापरा, तिथे त्याला तोड नाही.

प्लायच्या खालच्या कडेला तळापासून ४-५ मिमी अंतर सोडा. लाकूड थेट तळावर टेकलं तर प्रत्येक लाटेला तिथेच धक्का बसतो आणि बाहेर रेषेत तडे येतात. पहिल्या तुकड्यात दर १५० मिमीवर ८ मिमीची भोकं पाडा, हवा आणि जास्तीचं रेझिन त्यातून निघतं. सगळ्या कडा, विशेषतः कापलेल्या, आधी रेझिनने दोनदा भिजवा, कारण प्लाय कडेतूनच पाणी पितं. बाहेरच्या कातडीवर ४५० ग्रॅमची मॅट भिजवून लावा, त्यावर पहिलं प्लाय दाबा आणि इंजिन बोल्टच्या जुन्या भोकांतून बोल्ट घालून, दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावून आवळा. भोकांतून रेझिन डोकावलं की थांबा. त्यापुढे आवळलं तर सांध्यातलं सगळं रेझिन पिळून निघतं आणि कोरडा जोड राहतो. मध्ये पुन्हा भिजवलेली मॅट, मग दुसरं प्लाय.

सगळं पिकल्यावर प्लाय आणि हल यांच्या कोपऱ्यात एरोसिल (घट्टपणा आणणारी हलकी पावडर) घालून घट्ट केलेल्या रेझिनचा गोलावा भरा, १५ ते २० मिमी त्रिज्येचा. फायबरला काटकोनात वळायला आवडत नाही, तिथे हवा राहते. त्यावर मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट असे पाच थर: मॅट ४५० ग्रॅम, रोव्हिंग (विणलेलं काचकापड) ६०० ग्रॅम, दोन्ही चौरस मीटरला. हलवर प्रत्येक थर आधीच्यापेक्षा ४०-५० मिमी पुढे न्या, ७५ मिमीपासून सुरू करून, म्हणजे ताण एका रेषेत येत नाही. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त थर नकोत, उष्णतेने प्लायचा ओलावा उकळून फुगे येतात. रोलर जोरात नाही, सावकाश फिरवा आणि पांढरा ठिपका दिसला तर तिथेच थांबून तो पारदर्शक होईपर्यंत दाबा.

रेझिन किती लागेल? मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीचपट, रोव्हिंगला वजनाइतकं. ४५० च्या तीन थरांना चौरस मीटरला सव्वातीन किलो, ६०० च्या दोन थरांना सव्वा किलो, म्हणजे साडेचार. पाच फुटी ट्रान्सम जोडांसकट दीड चौरस मीटर धरला तर पावणेसात किलो. चिकटवण्याच्या मॅटचे दोन थर, कडा भिजवणं आणि गोलावे मिळून आणखी चार, आणि वाया जाणारं धरून १३ किलो आणा. हार्डनर २०० ग्रॅम पुरतो.

इंजिन बोल्टांची भोकं थेट पाडू नका. प्रत्येक जागी आधी २० मिमीचं भोक पाडा, मागून टेप लावून ते एरोसिल मिसळलेल्या इपॉक्सीने भरा आणि पिकल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. आता पाणी शिरलंच तर त्याला इपॉक्सी भेटेल, लाकूड नाही. जुन्या बांधणीत नेमकं हेच केलेलं नसायचं. बोल्ट एसएस ३१६ चे, मागे मोठे वॉशर, सीलंट पॉलियुरेथेनचं. सिलिकॉन नको, ते सुटतं आणि त्याच्या तेलकट थरावर पुढे काहीच चिकटत नाही. इपॉक्सीबद्दल एवढं लक्षात ठेवा की पॉलिस्टरवर इपॉक्सी चालतं, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट (बोटीचा बाहेरचा चकचकीत रंगीत थर) नीट धरत नाही. जिथे इपॉक्सी वापरलं तिथे वरून रंगच द्यावा लागेल.

स्ट्रिंगर (तळाला आधार देणाऱ्या लांब उभ्या पट्ट्या) आणि फ्लोअरचं तंत्र तेच आहे, म्हणून लांबवत नाही. स्ट्रिंगर एक-एक करून बदला, सगळे एकदम काढले तर तळाचा आकार जातो. पाणी मागे वाहायची भोकं स्ट्रिंगरमध्ये ठेवा आणि त्यांच्या कडा आतून फायबरने झाका. फोम टाळू नका. बोट पाण्याने भरली तर तोच ती तरंगत ठेवतो, गोड्या पाण्यात दर लिटर फोम जवळजवळ एक किलो उचलतो. फक्त तो तळाला टेकू देऊ नका, खालून पाणी वाहायला वाट ठेवा. बाहेरच्या जेलकोटचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे धक्क्याचे असतात, ते खरवडून भरता येतात. समांतर रेषांचे तडे मात्र खालचा भाग हलत असल्याची खूण आहेत, आधी आतला आधार दुरुस्त करा. फुगे दिसले तर एक फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस आला तर पाणी रेझिनपर्यंत पोचलेलं आहे. तलावाच्या गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा लवकर होतं, त्यामुळे बोट महिनोन्‌महिने पाण्यात न ठेवता ट्रेलरवर ठेवणं बरं.

आता इंजिन. कमाल ताकदीसाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं सूत्र सोपं आहे आणि अशा बोटींना नीट लागू पडतं. फुटांत लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी: तुमची १४ गुणिले ५, म्हणजे ७०. स्टीअरिंग व्हील असेल आणि ट्रान्सम निदान २० इंच उंच असेल तर या आकड्याची दुप्पट वजा ९०, म्हणजे ५० एचपी. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर ७० च्या ०.८ पट वजा २५, म्हणजे ३१, आणि वरच्या पाचाच्या पटीत नेलं तर ३५. (अगदी सपाट तळाच्या बोटीला यापेक्षाही कमी.) म्हणजे सध्या लटकलेलं ५५ दोन्ही हिशोबांत जास्त आहे. ते बांधून परत लावणं पहिल्याच पायरीवर बाद.

किमान किती हवं ते वजनावरून काढू. हल २५०, इंजिन ७५, भरलेली टाकी २०, बॅटरी १५, चार माणसं २८०, लाइफ जॅकेट, नांगर वगैरे ३०. एकूण ६७० किलो. बोट पाण्यावर उचलून धावायची (प्लेनिंगची) तर दर एचपीला २० ते २५ किलोपेक्षा जास्त भार नको. २५ एचपीला २७ किलो येतात, ती धापा टाकेल. ३० ला २२, ४० ला १७. यात नागपूरचा उन्हाळा धरायला हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीमुळे ३ टक्के आणि ४५ अंशांची विरळ हवा म्हणून आणखी ६-७ टक्के, म्हणजे मे महिन्याच्या दुपारी ३० चं इंजिन २७ चंच काम करतं. त्यामुळे नेहमी दोघं-तिघं असाल तर ३० पुरेसं आहे. चार जण नेहमीचे असतील तर ४०.

पण ४० म्हटलं की वजनाचा प्रश्न येतो. या हलच्या काळात ४० एचपीचं टू-स्ट्रोक ६० ते ७० किलोचं असायचं. आजचं ४० चं फोर-स्ट्रोक ९५ ते ११० किलो भरतं. ट्रान्समवर ३५ किलो जास्त आले की मागची कड खाली जाते. हे विकत घेण्याआधी बघता येतं: बोट काठाला पाण्यात ठेवा, ट्रान्समच्या कडेवर वाळूच्या दोन गोण्या, प्रत्येकी ५० किलोच्या, बांधा, दोन माणसं मागे बसवा आणि ट्रान्समचा सगळ्यात खालचा काठ पाण्यापासून किती वर राहतो ते मापा. १५० मिमीपेक्षा कमी राहिला तर ते इंजिन या बोटीसाठी नाही. थोडक्यात राहत असेल तर बॅटरी आणि टाकी मागून उचलून पुढच्या सीटखाली न्या. ३५ किलो सामान दोन मीटर पुढे गेलं की वाढलेला भार जवळजवळ फिटतो. वायर त्या प्रमाणात जाड घ्यावी लागेल, एवढंच. तिघांपर्यंत वापर असेल तर ३० चं फोर-स्ट्रोक हाच माझा पहिला कौल. काही मॉडेलं ६५-८० किलोतच येतात आणि वजनाचा प्रश्नच संपतो.

जुन्या टू-स्ट्रोकचा मोह सुटत नसेल, किंवा त्याच्या जागी दुसरं जुनं ४० चं मिळत असेल, तर ते असं पारखा. दोन्ही स्पार्क प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन मापा. १०० ते १३० पीएसआय हवं, आणि सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू ढिला करा. ताकासारखं पांढरट तेल आलं तर सील गेलेली आहे. जाम इंजिन सोडवताना प्लगच्या भोकांतून टू-स्ट्रोक ऑइल ओतून चार दिवस मुरू द्या आणि फ्लायव्हील घड्याळाच्याच दिशेने फिरवा, उलटं फिरवलं तर पाण्याच्या पंपाच्या इम्पेलरची (रबरी चक्राची) पाती मोडतात. इम्पेलर तसाही बदलायचाच, रबर बारा वर्षांत लाकूड होतं.

खरी अडचण पेट्रोलची आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्क्यांची असते. जुन्या नळ्या, डायफ्राम आणि फ्लोट इथेनॉलने फुगतात. टाकीत ओलावा गेला की इथेनॉल पाणी ओढून तळाशी वेगळा थर करतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि पाइप तळातून ओढतो, म्हणजे इंजिनाला ऑइलशिवायचं मिश्रण मिळतं आणि पिस्टन धरतो. बोटीत मुळातली फायबरची पेट्रोल टाकी असेल तर ती आजच काढा. इथेनॉल तिचं रेझिन विरघळवतं आणि तो चिकट रस व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. नवी नळी इथेनॉल चालेल अशी, मध्ये १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर, आणि टाकीत महिन्याहून जुनं पेट्रोल नको. नवं इंजिन घेतानाही २० टक्के इथेनॉल चालतं का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

मारुती ८००चं इंजिन नकोच. ३७ एचपी हा आकडा कागदावर बरोबर वाटतो. गाडी ६० च्या वेगाने चालताना त्यातला थोडाच भाग वापरते. बोट सतत ८०-९० टक्के ताकद मागते, चढावर अखंड चढत राहावं तसं. शिवाय पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट, रिव्हर्स गिअर, शाफ्टचा थ्रस्ट बेअरिंग, तळाला भोक आणि त्याची सील हे सगळं उभं करावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचते, आणि गाडीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू नये असे बनवलेले नसतात. आउटबोर्डमध्ये हा आगीचा धोका बोटीच्या बाहेर राहतो.

इलेक्ट्रिकबद्दलही हल्ली विचारलं जातं. ४० एचपी म्हणजे ३० किलोवॅट. तासभर तशी पळवायला ३० युनिटची बॅटरी लागेल, दोनशे किलोहून जड. वेग नको असेल, ताशी ६-७ किलोमीटरने शांत फिरायचं असेल, तर २ किलोवॅटची मोटर आणि ४८ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी दोन तास देते. पक्षी बघायला जाणाऱ्यांसाठी हा चांगला पर्याय आहे.

इंजिन बसवताना प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट कीलच्या तळाशी समपातळीत किंवा फार तर एक इंच वर. प्रोपेलरचा पिच (एका फेरीत तो जितके इंच पुढे सरकायला हवा तो आकडा) हिशोबाने निवडा: आरपीएम गुणिले पिच, भागिले (गिअर रेशो गुणिले १०५६), म्हणजे ताशी मैलांत वेग, त्यातून १५ टक्के घसरण वजा करा. ५२०० आरपीएम, २.० रेशो आणि १३ पिचला २७ मैल येतात, म्हणजे ताशी ४४ किलोमीटर; या बोटीला ४० एचपीवर तेवढंच अपेक्षित आहे. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कंपनीने दिलेल्या पट्ट्यात यायला हवेत. कमी आले तर पिच कमी करा, एक इंचाला १५० ते २०० आरपीएम वाढतात. गोड्या पाण्यासाठी ॲनोड (स्वतः झिजून इंजिनाचा धातू वाचवणारे तुकडे) मॅग्नेशियमचे लावा, जस्ताचे इथे काम करत नाहीत.

कागदपत्रांकडे आधीच लक्ष द्या. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या बोटीला तपासणी आणि नोंदणी लागते, आणि धरणाच्या पाण्यात उतरायला जलसंपदा विभागाची लेखी परवानगी. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे वन विभागाशिवाय पाऊल टाकू नका. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला.

पहिल्या दिवशी जलपर्णी आणि गाळ असलेल्या काठापासून लांब जा. पाणी ओढायची जाळी बुजली की मिनिटभरात इंजिन तापतं. इंजिनामागून पाण्याची बारीक धार सतत पडते का बघत राहा, थांबली तर लगेच बंद करा. उतरवण्याआधी ट्रान्समवर आतून पट्टी लावून पेन्सिलने एक सरळ रेघ मारा. दहा तासांनी पट्टी पुन्हा त्या रेघेवर लावून ट्रान्सम वाकलाय का ते तपासा, गिअर ऑइल काढून रंग बघा आणि चारही बोल्टांना पाना लावा. एखादा नट पाव फेरीपेक्षा जास्त फिरला तर त्याखालचं लाकूड दबतंय: तो बोल्ट काढा, भोक मोठं करून इपॉक्सीने पुन्हा भरा आणि मागचा वॉशर मोठा घाला.